काढायचा वार

भाचीच्या ब्लाउजचं माप मी घेत होते. टेलरच्या दुकानात ताटकळायला तिला वेळ नव्हता. मँचेस्टरहून आलेल्या माणसाचे पुण्यातले दिवस नातेवाइकांनी आधीच वाटून घेतलेले असतात. छाती, कंबर, शोल्डर वहीत लिहून झालं. बाहीसाठी दंडाचा घेर घ्यायला टेप आत सरकवली, तर बोटाला काहीतरी लागलं. डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला, कातडीच्या अगदी खाली, काडेपेटीतल्या काडीएवढं. सरळ, जरासं लवचिक. एका टोकावर बोट दाबलं की दुसरं टोक कातडीखालून वर येई. मला गाठच वाटली. तोंडावर दिसलं असणार, कारण ती हसायला लागली. "मावशी, गाठबीठ काही नाही. इम्प्लांट आहे. एवढ्यात मूल नको म्हणून." मग जरा थांबून, "आईला बोलू नकोस हं." आणि माझ्या हातातली टेप घेऊन ती गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "कंटाळा आला की काढून टाकीन. त्यात काय!"

गुपिताचं मला काही वाटलं नाही. एकमेकींच्या गोष्टी पोटात ठेवायची आमच्या घरातल्या बायकांना सवय आहे. माझी बहीण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर 'काही गोड बातमी?' विचारते आणि भाची 'अगं, कामच इतकं आहे' म्हणते; त्यात आता मीही सामील झाले, एवढंच. डोक्यात राहिलं ते तिचं शेवटचं वाक्य. काढून टाकीन, त्यात काय. रात्री दिवा मालवल्यावरही ते जाईना. त्या पोरीचा हेवा वाटला की राग आला, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

वस्तू म्हणून बघितलं तर ती कौतुक करण्यासारखीच आहे. 4 सेंटिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड प्लास्टिकची कांडी, तिच्यात 68 मिलिग्रॅम एटोनोजेस्ट्रेल नावाचं हार्मोन. ते रोज किंचित किंचित रक्तात उतरतं, बीज सुटू देत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करून ठेवतं. 3 वर्षं बघायला नको. दंडात भुलीचं इंजेक्शन देतात, पिचकारीसारख्या उपकरणाने कांडी कातडीखाली सारतात, टाका नाही. भाची लंच टाइममध्ये जाऊन आली आणि दुपारी मीटिंगला बसली. आठवडाभर दंड हिरवा-पिवळा दिसत होता म्हणे, बाकी काही नाही. याआधी ती गोळ्या घ्यायची. नाइट शिफ्ट, विमानप्रवास, कधी पर्सच घरी राहिलेली, असं करत गोळ्या चुकायच्या आणि मग पाळी येईपर्यंत जीव टांगणीला. गोळ्या घेणाऱ्या 100 बायकांपैकी वर्षाला 7 ते 9 जणींना दिवस राहतात, ते याच विसरण्यापायी. कांडीच्या बाबतीत हे प्रमाण हजारी एकाच्याही खाली आहे. बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशनपेक्षाही ती कमी फसते, हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासून घेतलं. पोटावर टाके घालून घेतलेल्या आमच्या आख्ख्या पिढीला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी इथे ती कांडी होती कुठे?

शिवाय त्यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. काढली की आठवड्याभरात रक्तातून औषध नाहीसं होतं आणि पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. कुणाची पाळीतली पोटदुखीही हटते. आणि पैसे? भाचीला दमडीही पडली नाही. तिकडे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत संततिनियमनाची सगळी साधनं फुकट. त्यात सरकारचा दानधर्म काही नाही, हिशेब आहे. 2005 मध्येच तिथल्या नाइस या संस्थेने आकडेमोड करून सांगितलं होतं की, एका वर्षातच काढून टाकली तरीही अशी लांब पल्ल्याची साधनं गोळ्यांपेक्षा सरकारला स्वस्त पडतात, कारण नको असलेली बाळंतपणं आणि गर्भपात वाचतात. 2013 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी गरीब देशांसाठी किंमत निम्म्यावर आणली, साधारण साडेआठ डॉलरवर. 3 वर्षांच्या निर्धास्तपणाला आपल्याकडच्या एक-दोन बऱ्या थाळ्यांचे पैसे. अमेरिकेत विमा नसेल तर त्याच कांडीला हजार डॉलरच्या घरात मोजावे लागतात, ती गोष्ट वेगळी.

पण खर्च फक्त पैशांत होत नाही.

भाचीला पहिले काही महिने सारखे डाग लागत होते. पाळी म्हणावी तर नाही, नाही म्हणावी तर कपडे खराब. पंधरा दिवस काहीच नाही, मग आठवडाभर थोडं थोडं, मग दोन दिवस कोरडे. पर्समध्ये कायम पॅड, पांढरी पँट कपाटात बंद. चेहऱ्यावर फोडही आले. "वैताग होता गं, पण आता बसलंय," असं ती म्हणाली. हे सगळ्यांचंच सारखं होत नाही आणि तीच पंचाईत आहे. साधारण पाचातल्या एकीची पाळी पार थांबते, जवळजवळ तितक्याच जणींचा रक्तस्राव लांबत जातो, आणि दर 100 बायकांतल्या 11 जणी निव्वळ या कारणासाठी कांडी काढून घेतात. आपण कुठल्या गटात, हे घालण्याआधी कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. डोकं दुखणं, वजन, चिडचिड, छाती भरून येणं, यादी आहे. पण बायकांची खरी तक्रार अंगावरून जाण्याचीच.

मँचेस्टरला डाग म्हणजे धुलाईचा प्रश्न. आपल्याकडे त्यात देव येतो, स्वयंपाकघर येतं, सासू येते. ज्या घरात अजून चार दिवस मोजले जातात, तिथे पंधरा-पंधरा दिवस थोडं थोडं जाणाऱ्या बाईने करायचं काय? लोणच्याच्या बरणीला हात लावायचा की नाही? उसाच्या फडात, बांधकामावर, जिथे आडोसाही नसतो, तिथे रोजचा एक पॅड किंवा रोजची एक घडी कुठे बदलायची? आणि देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलंय. लंडनच्या तज्ज्ञाला जे 'त्रासदायक पण निरुपद्रवी' वाटेल, ते इथे तसंच राहील याची खात्री मला तरी नाही. कांडीची मोठी जमेची बाजू सांगतात की ती कुणाला दिसत नाही, नवऱ्याला कळू न देताही वापरता येते. दिसत नाही खरं. पण डाग दिसतात, आणि आपल्या घरांत न्हाणीघराकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष असतंच.

गौरी जेवायच्या दिवशी भाचीला पुन्हा थोडं लागलं होतं. तिनेच मला मोरीपाशी हळूच सांगितलं आणि 'काय करू?' असं नुसत्या भुवयांनी विचारलं. मी म्हटलं, पुरण वाटायला घे. तिने पुरण वाटलं, सोळा भाज्यांतली घोसाळी चिरली, संध्याकाळी हळदीकुंकवाला अत्तर लावत फिरली. गौरींनी काही मनावर घेतल्याचं दिसलं नाही. माझं मन मात्र दिवसभर थोडं चुकचुकत होतं, हे कबूल करते. पन्नास वर्षांचं वळण एका दुपारीत जात नाही.

आणि गंमत अशी की त्याच घरात, त्याच गौरींसाठी, आमच्यापैकी निम्म्या जणी वर्षानुवर्षं हार्मोन घेत आल्या आहेत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. तारीख जवळ आली की तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला नावसुद्धा सांगावं लागत नाही. गणपतीच्या आधी बाईने दुकानात येऊन आवाज खाली केला की तो पाकीट काढून ठेवतो. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. त्या गोळीतलं औषध नॉरएथिस्टेरॉन. आता याच औषधाचा दुसरा अवतार म्हणजे नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन. 1985 मध्ये हैदराबादजवळच्या पतंचेरूला गरीब बायकांना बोलावून त्याची चाचणी सुरू झाली, आणि ही चाचणी आहे हेच त्यांना धड सांगितलेलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या बायका तिथे जाऊन धडकल्या, पुढच्या वर्षी त्या आणि दिल्लीची सहेली ही बायकांची संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. त्या भांडल्या ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. पण तेव्हाही आम्ही देवासाठी तेच हार्मोन चहाबरोबर गिळत होतो आणि त्याचे दुष्परिणाम कुणी विचारत नव्हतं. देवाच्या कामाला घेतलेलं औषध बाधत नाही, नाहीतरी.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आली ती तांबी, म्हणजे कॉपर-टी. मुलगी झाल्यानंतर बसवली. माझी ना नव्हती. खरं तर कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, फक्त विचारलं नाही. टेबलावरच होते, झालं काम. मग रक्त जायला लागलं, गाठी पडायला लागल्या, कंबर धरून ऑफिसला जायची. काढून द्या म्हणून गेले तर डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "थोडा धीर धरा, सवय होईल." परत गेले. "अहो, सगळ्यांनाच होतं." त्यानंतर गेले तर, "मिस्टरांना घेऊन या." बसवताना मिस्टर लागले नव्हते. हे बोलायला मला तेव्हा सुचलं नाही. असली उत्तरं वीस वर्षांनी भांडी घासताना सुचतात. मिस्टर आले, बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले, त्यांना कुणी काही विचारलंही नाही, आणि तांबी निघाली. आत मिनिटभराचं काम होतं.

म्हणून 'त्यात काय' माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

रोजची गोळी न आवडली तर न घेणं आपल्या हातात असतं. निरोधचं तसंच. कांडीचा सगळा गुण हाच की ती बाईच्या आठवणीवर, इच्छेवर, रोजच्या निर्णयावर अवलंबून नाही. आणि नेमकं तेच तिचं भय आहे. थांबवायचं म्हटलं तर दुसऱ्याचा हात लागतो, हातात सुरी लागते, आणि त्या दुसऱ्याची तयारी लागते. या साधनाचा इतिहास पाहिला तर भांडणं बहुतेक त्याच जागी झालेली आहेत. आजच्या कांडीची थोरली बहीण नॉरप्लांट. एक नाही, सहा नळ्या, दंडात पंख्यासारख्या पसरून घालायच्या, 5 वर्षांसाठी. 1983 मध्ये फिनलंडने तिला पहिली मान्यता दिली. घालणं सोपं होतं. काढताना मात्र नळ्यांभोवती जमलेल्या घट्ट पापुद्र्यातून एकेक शोधून ओढावी लागे, आणि शिकलेला हात नसला तर दंडाची चाळण. बांगलादेशातल्या चाचण्यांत, त्रास होतोय, काढून द्या म्हणून आलेल्या बायकांना परत पाठवल्याच्या कहाण्या तिथल्या कार्यकर्त्यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. आपल्याकडेही आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने नॉरप्लांटच्या चाचण्या घेतल्या आणि बायकांच्या संघटनांनी विरोध केला. अमेरिकेत 1990 च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. दोनच दिवसांत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने, गरीब काळ्या बायकांनी हे बसवून घ्यावं म्हणून त्यांना पैसे द्यावेत, असा अग्रलेख छापला आणि मग माफी मागितली. महिन्याभरात कॅलिफोर्नियात एका न्यायाधीशाने, मुलांना मारहाण केलेल्या बाईला प्रोबेशनची अट म्हणून नॉरप्लांट घ्यायला सांगितलं. काही राज्यांत गरिबांसाठी घालायचे पैसे सरकार भरे, काढायचे मात्र डॉक्टरी कारण असेल तरच. पुढे खटले झाले आणि 2002 पर्यंत ते तिथल्या बाजारातून गेलं.

हे जुनं म्हणून सोडून द्यावं, तर 2017 मध्ये टेनेसीमधल्या व्हाइट काउंटीच्या न्यायाधीशाने तुरुंगातल्या बायकांना सांगितलं, हीच आताची एक-कांडी बसवून घ्या, 30 दिवस शिक्षा कमी. पुरुषांनी नसबंदी करून घ्यायची. ओरड झाल्यावर हुकूम मागे घेतला. बायका आपणहून हो म्हणाल्या होत्या, कुणी धरून आणलं नव्हतं. 30 दिवस आधी घरी जायला मिळणार असेल तर मीही दंड पुढे केला असता.

आपण तिकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. माझ्या आईचं नसबंदीचं ऑपरेशन झालं ते कॅम्पात, शाळेच्या वर्गात, सतरंजीवर ओळीने निजवलेल्या बायकांमध्ये. आणि तिला तिथे नेणाऱ्या गुरुजींना 'केस' मिळाली. आणीबाणीत आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, 1976 मध्ये. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ नसबंदीच्या कॅम्पात बायका दगावल्या, तेव्हा कुठे दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने हे कॅम्प बंद करा म्हणून सांगितलं. आणि अजूनही देशातल्या लग्न झालेल्या बायकांत 38 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं असतं, पुरुषांचं 0.3 टक्के. पुरुषांनी आणीबाणीचा धसका घेतला तो घेतलाच. बायकांना धसका घ्यायला फुरसत मिळाली नाही.

आता केंद्र सरकारने काही राज्यांतल्या ठरावीक जिल्ह्यांत ही कांडी सरकारी दवाखान्यांतून द्यायला सुरुवात केली आहे. तीन महिन्यांचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन 2017 पासून आहेच. ऑपरेशन नाहीतर काहीच नाही, या कात्रीतून सुटायला विशी-बाविशीतल्या पोरींना काहीतरी लांब पल्ल्याचं हवं होतं, यात शंका नाही. माझ्या शाळेतली मैत्रीण सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीत, सिस्टर होती, आता रिटायर झाली. तिला फोन केला. मला वाटलं होतं, ती एक तर बाजूने बोलेल नाहीतर विरुद्ध. ती म्हणाली, "टीबीच्या पेशंटचं काय करणार?" टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन असतं, त्याने या कांडीचं औषध शरीरात लवकर जिरून जातं आणि ती कुचकामी होते. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच. "आमच्याकडे टीबीची बाई घरच्यांपासून लपवून गोळ्या खाते. ती काय कांडी घालताना सांगणारे?"

मग ती खरी बोलायला लागली. अंतराची पहिली सुई घेतलेल्या बायका दुसऱ्या सुईला दिसत नाहीत, कारण मधे अंगावरून गेलेलं असतं आणि 'असं होतं, घाबरू नको' हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. तिथे निदान न येणं बाईच्या हातात आहे. न येऊन कांडी जाणार नाही. वर ती खोल गेली असेल तर बोटाला लागत नाही. सोनोग्राफी करून शोधावी लागते. एक्स-रेमध्ये दिसावी म्हणून तिच्यात बेरियम घातलेलं असतं हे खरं, पण पीएचसीत एक्स-रे कुठला? बाळंतपणानंतर तांबी बसवायला बाईला घेऊन आलं की आशाताईला 150 रुपये मिळतात. काढायला घेऊन आलं की काय मिळतं, विचारलं तर ती म्हणाली, "डॉक्टरांची बोलणी."

मी तिला म्हटलं, तुझ्या पीएचसीच्या भिंतीवर तो पिवळा बोर्ड असतो ना, लसीकरण कधी, 9 तारखेला गरोदर मातांची तपासणी, ऑपरेशन कधी. त्यावर एक ओळ वाढवायची. कांडी काढायचा वार. कारण विचारणार नाही. मला माझी सूचना बरी वाटली होती. ती फोनवर हसली.

"वार लिहिलास आणि त्या दिवशी डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेले तर? बाई दोन एसटी बदलून आलेली असते, रोज बुडवून. वारबीर नको. ज्या दिवशी येईल त्या दिवशी काढायची. दोन सिस्टर शिकवून ठेवायच्या, एक रजेवर असली तर दुसरी."

"आणि मिस्टर?"

"त्यांना सांगायचं, समोर टपरी आहे, चहा घेऊन या."